डावं मॅग्नेटो

ओट्यावरचा चमचा घरंगळून फरशीवर खणकन पडला आणि मी श्वास रोखून झोपलेल्या लेकीकडे, आफियाकडे पाहिलं. नाही उठली. माझ्या ओढणीचं टोक मुठीत तसंच. ती झोपलीय तेवढा वेळ माझा, म्हणून लिहायला बसले. पण डोकं अजून फ्लाइंग क्लबातच आहे.

सकाळी तेजलला शिकवायला घेऊन निघाले होते. धावपट्टीच्या तोंडाशी इंजिनाची शेवटची तपासणी. ठिणगी देणारी मॅग्नेटो दोन. एक बंद करून दुसऱ्यावर इंजिन कसं चालतं ते बघायचं. नुसत्या डाव्यावर ते असं धडधडलं की पोरगी माझ्या तोंडाकडेच बघायला लागली. विमान परत आणलं, दोष लिहून दिला.

कुंदन सर, आमचे मुख्य प्रशिक्षक, वैतागले. "अगं निलोफर, लिहिलंस कशाला? चहाच्या वेळी भिकनला सांगायचं ना! दुपारी तेजल पहिल्यांदा एकटी उडणार. विंचूरहून घरचे आलेत, उतरल्यावर रिवाजाप्रमाणे तिच्यावर ओतायला पाण्याची बादली भरून ठेवलीय."

लिहिलं की इंजिनीअरची सही होईपर्यंत विमान जागचं हलत नाही. म्हणून आमच्याकडे दोष तोंडीच सांगतात.

मेकॅनिक भिकननं प्लग साफ केले. तोवर इंजिन गार. चालवून पाहिलं तर शहाण्या बाळासारखं चाललं. दोष आढळला नाही म्हणून इंजिनीअरनं सही ठोकली.

"भिकनभाऊ, तापल्यावरच करतंय ते. तापवून बघा ना."

"म्हाईत हाय मॅडम. मागल्या आठवड्यात कुंदन सरच बोलले होते. तवाबी प्लगच पुसले."

"मग लिहिलं का नाही कुणी?"

"आता, तोंडी बोलले होते ना सर!"

म्हणजे कागदावर इंजिन ठणठणीत आणि कुरकुरणारी मी पहिलीच. इंजिनीअरला पुन्हा गाठलं, तर ते म्हणाले, "सही झालीय मॅडम." मागून सर हसले, "मूल झालं की इंजिनही रडतंय असं वाटतं का गं?"

आफियाची शाळा सुटायची वेळ झाली होती. निघताना तेजलला बाजूला घेतलं. "इंजिन चांगलं तापू दे, मगच डावं तपास. जरा धडधडलं तरी परत फीर. कोणी काही बोलो."

नाशिक रोडला घरी येईपर्यंत स्कूटीवर स्वतःशीच भांडत होते. थांबायला हवं होतं. पण मग हिला शाळेतून कोण आणणार?

आत्ता फोन वाजला. तेजल.

"मॅडम, उडालेच नाही. तापल्यावर तेच झालं. परत आणलं."

मी भिंतीला टेकले.

"पण सर म्हणतात, लिहू नको, भिकनभाऊ प्लग पुसतील, मग जा. लिहिलं तर आज काही जमत नाही. पप्पा सारखे विचारतायत."

"लिही. इंजिन तापल्यावर, नुसत्या डाव्यावर. गार असताना तपासून चालणार नाही, हेही लिही."

"सर चिडतील."

"चिडतील."

तिकडे कागद सरकला, पेन खरखरलं. मग, "लिहिलं, मॅडम." आणि पाठोपाठ सरांचा आरडाओरडा, तिचं हुंदके देत रडणं, सगळं फोनमधून खोलीभर.

आफिया उठून बसली. विस्कटलेल्या केसांतून फोनकडे बघत राहिली.

"अम्मी, दीदीनं काय तोडलं?"