ईदचा चांद आणि माझा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे आणि आधीच सांगते, माझा स्वभाव जळका आहे. पारनेरच्या शाळेत खिडकीजवळ मी उभी असते. रंगनाथ गुरुजींनी पुण्याहून भिंगं आणली, तांबटाकडून नळी घडवून घेतली आणि माझा जन्म झाला. शनीचं कडं बघायला तेव्हा बाजारकरीसुद्धा रांग लावत. मी अगदी फुगून गेले होते.

मग माणूस चंद्रावर उतरला. त्याचा फोटो माझ्या डोक्यावर भिंतीला लागला. हार त्याला, गोष्टी त्याच्या, आणि धूळ माझ्यावर. चंद्राचे डोंगर या गावाला आधी मी दाखवले होते, पण माझं नाव कुणी काढीना.

बहात्तर साली शाळेची घंटा फुटली. दुसरे शिक्षक मच्छिंद्र गुरुजी म्हणाले, या दुर्बिणीचं पितळ वितळवून नवी घंटा ओतून घेऊ. माणूस स्वतः जाऊन दगड घेऊन आला, आता लांबून डोकावायचं कशाला? शनीवर कोण जाऊन आलं, असं रंगनाथ गुरुजींनी विचारलं. पण शनीचं कुणाला काय पडलं होतं! तांबटाला निरोप गेला.

त्याच आठवड्यात रमजान संपत आला. संध्याकाळी मावळतीला धुरळा होता, चांद कुणाला सापडेना. चांदभाई शिंपी आपल्या म्हाताऱ्या आईला, रोशनबीला, घेऊन शाळेत आला. रंगनाथ गुरुजींनी मला पुसून अंगणात मांडलं, चंद्रकोर शोधली आणि रोशनबीला बोलावलं.

"चांद हाय, पर उलटा हाय," ती म्हणाली. "टोकं खाली. ईदचा न्हाई ह्यो."

मच्छिंद्र गुरुजी हसले. दुर्बिणीतून सगळं उलटंच दिसतं, हे रंगनाथ गुरुजींनी समजावलं आणि नळीच्या रोखाने नुसत्या डोळ्यांनी बघायला सांगितलं. चांदभाईला कोर दिसली. मग सगळ्यांनाच दिसली. लोक गळाभेट घेऊ लागले आणि मला विसरले. आता मी त्यांच्या डोळ्यांवरही जळू लागले.

तेवढ्यात रोशनबी परत माझ्याकडे आली. वाकून तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"माझ्या डोळ्यांना तिकडं कायबी दिसंना," ती म्हणाली. "हितूनच दिसतो. लई वर्सांनी बघितला, गुरुजी."

मला न्यायला आलेल्या तांबटाला मच्छिंद्र गुरुजींनीच परत पाठवलं. शाळेत आता घंटेऐवजी रुळाचा तुकडा वाजतो.

फोटो अजून माझ्या डोक्यावरच आहे आणि मी अजून जळते. मित्रांनो, जाणारे खुशाल जाऊ देत, हारही त्यांनाच घाला. पण रोशनबीला चंद्रावर कोण नेणार आहे? माझं भिंग मऊ फडक्याने पुसून ठेवा. पुढच्या ईदला ती येते म्हणाली आहे.