त्या सिनेमाचा चहा

"हीच खुनी," ती ठासून म्हणाली. "ही चष्मेवाली. डोळे बघा कसे, मांजरासारखे."

खुर्चीतला नवरा भिंतीकडे पाहत होता.

मालिका निम्म्यावर आली होती. चष्मेवाली बिचारी साधी नर्स होती, खून झाला तेव्हा ती दुसऱ्याच गावात होती, आणि हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिलाही कळत होतं. म्हणून तर ती तसं म्हणत होती. हातातल्या शर्टाला बटण लावता लावता ती डोळ्याच्या कोपऱ्यातून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. उजवीकडचा ओठ खाली ओघळलेला, डावीकडचा घट्ट मिटलेला. पूर्वी असल्या अंदाजावर त्याने मांडीवर थाप मारून घर डोक्यावर घेतलं असतं. "अगं, डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या? तो दीर बघ ना दीर! मघापासून दार लोटून घेतोय, कडी लावत नाही. ज्याला पळायचं असतं तोच कडी लावत नाही!"

"मी सांगते ना, हीच," ती पुन्हा म्हणाली. "लावता पैज?"

त्याने पापणी हलवली. ती काय सगळ्यांचीच हलते.

तो सुतार. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, ती अहो म्हणे. सिनेमा असो की मालिका, पडद्यावर तो दारं बघायचा. "राजवाडा म्हणे! ढकललं की चौकट हलतेय. पुठ्ठा आहे सगळा." घरगुती मालिका लागली की त्याचं ठरलेलं, "या घरात एकाही दाराला कडी नाही. मग सगळे सगळ्यांचं ऐकणार नाहीत तर काय करणार? एक कडी लावली असती तर पहिल्या आठवड्यात संपलं असतं सगळं." नायक शेवटचे आचके द्यायला लागला, हिच्या डोळ्यांना धारा लागल्या, की तो शांतपणे म्हणायचा, "रडू नको, मरत नाही तो. बिजागऱ्या बघ, नव्या आहेत. एवढं दार बसवलंय म्हणजे अजून कुणीतरी आत यायचंय." आणि खरंच कुणीतरी यायचं! वैद्य यायचा, हरवलेला भाऊ यायचा. ती पदराने डोळे पुसायची आणि उठून चहा ठेवायची.

कारण घरात रीत होती. ज्याचा अंदाज चुकला त्याने चहा करायचा. दारं त्याची, माणसं तिची. कोण रडेल, कोण कुणाला माफ करेल, हे ती ओळखायची. कोण येईल, कोण जाईल, हे तो. त्याने केला तर साखर ओतायचा नुसती. "हरलेल्याच्या हातचा चहा गोडच हवा," म्हणायचा, "नाहीतर जिंकलेला पुन्हा खेळत नाही."

मग एका सकाळी त्याच्या हातातून रंधा गळून पडला, आणि त्याबरोबर उजवा हात, उजवा पाय आणि सगळे शब्द. पाय थोडा परतला. काठी घेऊन तो न्हाणीघरापर्यंत जायला लागला. हात कोपरापर्यंत आला. शब्द आलाच नाही. एकही नाही.

बोलायला शिकवणारी एक बाई घरी येत असे. चित्रांचे पत्ते घेऊन समोर बसायची. "काका, हे काय आहे? स, फ, र, चंद." कुणीतरी वाकडं ठोकलेलं दार दुरुस्तीला आणून द्यावं, तसं तो त्या पत्त्याकडे पाहायचा आणि मान वळवायचा. गेल्या आठवड्यात जाताना ती बाई बाहेर थांबून लेकीशी हळू आवाजात बोलली. लेकीने दार नुसतं लोटलेलं होतं. आत बसलेल्या हिला सगळं ऐकू गेलं.

"जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं. आता मी येऊन फार काही होईल असं नाही वाटत मला."

बाई गेल्यावर लेक आत आली. तिचे डोळे लाल होते, म्हणून ती मुद्दाम रागावून बोलली.

"आई, तो टीव्ही बंद कर आधी. सारखं त्यांना त्याच्यापुढे बसवतेस. डोकं शिणतं त्यांचं."

"त्यांना आवडतो."

"कशावरून? त्यांना काय कळतंय, काय नाही, हेच आपल्याला कळत नाही. आणि तू आपली काहीबाही बरळत असतेस. हा खुनी, ती खुनी. परवा मालिकेतली ती म्हातारी पाय घसरून मेली, तर तिला गोळी लागली म्हणालीस. मला वाटलं, तुझंच काहीतरी बिघडलं."

"त्यांनी मला खोडून काढावं म्हणून," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हटल्यामुळे ते किती वेडगळ आहे हे तिलाच ऐकू आलं.

लेक आईच्या मांडीवरचा शर्ट उचलून घडी घालत म्हणाली, "आई, ते नाही बोलायचे आता. एकदा सांग मनाला."

मनाला सांगायचं म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं. मन काय शेजारीण आहे, दारात उभं राहून सांगायला? तिने त्याच्या आवडत्या विनोदी नटाला नावं ठेवून पाहिली. तो ज्या मालिकेला शिव्या घालायचा, तिचं तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं. "काय दारं आहेत, अहो! एकदम भक्कम!" असंही म्हणून पाहिलं. एकटी असताना त्याच्या कानाशी जाऊन गाणीही म्हटली, मुद्दाम बेसूर. तो भिंतीकडे पाहत राहिला. असं वाटायचं की घर आहे, दिवे आहेत, आत माणूस आहे. बाहेरून मात्र कुणीतरी दाराला फळ्या ठोकून गेलं आहे.

आणि मग तो सिनेमा लागणार असल्याची जाहिरात तिने पाहिली. उद्या दुपारी. तिच्या बोटात सुई टोचली, तरी तिला कळलं नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी पाहिलेला. नावाड्याची गोष्ट. नदीला पूर येतो, पैलतीरावर माणसं अडकतात, नावाडी त्यांना आणायला जातो आणि परत येत नाही. त्याची बायको रोज दारात दिवा ठेवते. गाव म्हणतं, कुंकू पुसून टाक आता. ती ऐकत नाही. शेवटी एका वादळात दार वाजतं. एकदा, दोनदा. ती उठते, दाराशी जाते, कडीवर हात ठेवते. आणि सिनेमा तिथेच संपतो. दार उघडत नाही.

थिएटरमधून घरी चालत येताना दोघं भांडले होते. "वारा होता," तो म्हणाला. "ढिली कडी होती, मी नीट पाहिलीय. असली दारं वाऱ्याने अशीच वाजतात."

"तो आला होता!"

"पुरात गेलेला माणूस दार वाजवतो होय?"

"वाजवतो. तिने दिवा ठेवला होता ना."

"दिव्याने पूर उतरतो का?"

त्या रात्री चहा कुणी करायचा हे ठरलं नाही. नंतरही कधी ठरलं नाही. लेक झाली, मोठी झाली, केस पांढरे झाले; कुठे दार वाजलं की तो म्हणायचा, "वारा," आणि ती म्हणायची, "आला." दोघं हसायचे. त्या सिनेमाचा चहा राहून गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून लेक कामावर गेली. हिने त्याची खुर्ची पडद्याजवळ ओढली, पाठीशी उशी दिली, स्वतः जमिनीवर त्याच्या पायांशी बसली. आज हातात शिवण घेतली नाही.

चित्रं जुनी, खरखरीत. नावाडी हसला. बायकोने त्याच्या डोक्यावरचा फेटा सरळ केला. गाणं आलं, तेव्हा ती पडद्याबरोबर म्हणू लागली,

नाव गेली पैलतीरी, दिवा ठेविते मी दारी,
हळू वाज रे तू वाऱ्या, जीव टांगला कवाडी.

तिने मान वर करून पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता. भिंतीकडे नाही, पडद्याकडे. आता शेवट आला की ती म्हणणार होती, आला! बघा, आला! जन्मभर ज्या एका शब्दावर तो उसळून उठला, त्यावर आज उठणार नाही असं होईलच कसं?

वादळ सुरू झालं. विजा चमकल्या. दिवा फडफडला. बायको अंथरुणावर उठून बसली आणि जाहिरात लागली. साबण. दात घासायची पेस्ट. गाडी. ती मुठी आवळून बसली. जाहिराती संपल्या आणि पडद्यावर एक गुबगुबीत माणूस हसत हसत म्हणाला, "नमस्कार! आज आपण बागेतली कीड कशी घालवायची ते पाहणार आहोत."

तिला आधी कळलंच नाही. तिने रिमोट दाबला. दुसरा चॅनल, तिसरा, परत मागे. गुबगुबीत माणूस पानं उलटी करून दाखवत होता.

"शेवट कापला," ती म्हणाली. "अहो, मेल्यांनी शेवटच कापला!"

तिने टीव्ही बंद केला. मग ती बोलायला लागली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सिनेमा पुरा करायचा राहिला होता, एवढंच.

"मग ती उठते," ती म्हणाली. "दिवा विझलेला असतो. अंधारात चाचपडत दाराशी जाते. दार वाजतं. एकदा. परत एकदा. ती कडीवर हात ठेवते." तिने हवेत हात धरला. म्हणायचा शब्द ओठांवर आला होता, इतकी वर्षं येत होता. पण ‘आला’ काही तिच्या तोंडून निघालं नाही. तिने हात खाली घेतला.

"वाराच होता, अहो," ती म्हणाली. "तुमचंच खरं. तो नाही येत. एकदा गेलेला माणूस नाही येत परत. ती उगीच आपली दिवा ठेवत बसली, वेडी." आणि तिने कपाळ त्याच्या गुडघ्याला टेकलं. या वेळी ती नवऱ्याला डिवचत नव्हती. ती हरली होती, आणि हरल्यावर उठून चहा ठेवावा एवढंही बळ तिच्यात नव्हतं.

तिच्या केसांवर काहीतरी पडलं. डावा हात. जड, खरबरीत, लाकडाने घासलेला.

तिने वर पाहिलं. तो मान हलवत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश, हट्टाने. नाही. नाही.

"काय नाही?" ती म्हणाली. "वारा नाही?"

त्याने दोन्ही ओठ आवळले. गळ्याची शीर टरारली. तोंडातून फक्त वाफेसारखा श्वास आला. परत मान हलवली. मग काठी ओढली आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागला.

"कुठे निघालात? न्हाणीघरात? थांबा, मी धरते."

तो न्हाणीघराकडे वळला नाही. एक पाय टाकत, एक ओढत तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, चौकटीला खांदा टेकून दम घेतला आणि आत शिरला. काठी ओट्याला टेकवून ठेवली. डाव्या हाताने पातेलं काढलं, ते खाली आदळलं. ती धावली. त्याने कोपराने तिला मागे सारलं.

मग ती मध्ये आली नाही. दारातच उभी राहिली. त्याने वाकून पातेलं उचललं, नळाखाली धरलं, अर्धं पाणी अंगावर घेतलं. गॅसचं बटण फिरवलं; लायटर दाबता येईना, तेव्हा त्याचं मागचं टोक पोटाशी टेकवून पुढचं शेगडीवर दाबलं. दोनदा, तीनदा. ज्योत लागली. चहाची पूड पातेल्यात थोडी आणि बाहेर बरीच सांडली. साखरेचा डबा उघडायला त्याने दातांची मदत घेतली, पण झाकण हललं नाही. डबा त्याने होता तिथे ठेवून दिला आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

तो त्या दिवशी बोलला नाही. पुढेही कधी बोलला नाही.

पण त्या दुपारी त्याने कप भरला, निम्मा बशीत सांडवला आणि तिच्यासमोर ओट्यावर सरकवला. चहा कडू होता, काळा होता, तळाला पूड होती. तो ओट्याला टेकून तिच्या तोंडाकडे पाहत उभा होता.

"गोड झालाय," ती म्हणाली, आणि बशीतलासुद्धा प्यायली.