घाम टिपणारा

बाबुरावांचा राग सुंभ जळला तरी पीळ न जाणाऱ्यातला. गणपतीत त्यांनी रघुशी अबोला धरला, तो आंबे बाजारात आले तरी सुटला नव्हता. आणि दोघांचं काम तर एकाच खड्ड्यात. बाबुराव केबल जॉइंटर, म्हणजे रस्त्याखालच्या विजेच्या केबली जोडणारे, आणि रघु त्यांचा मेट, म्हणजे हाताखालचा मदतनीस. इतकी वर्षं बरोबर काढली होती की बोलायची गरजच पडत नव्हती, हीच खरी पंचाईत होती. बाबुरावांनी हात पुढे केला की रघु हवं ते हत्यार त्यात ठेवी. गरज पडली असती तर भांडण चार दिवसांत मिटलं असतं.

मेटचं खरं काम म्हणजे जॉइंटरचा घाम टिपणं. जॉइंटर एकदा स्पिरिटने हात पुसून बसला की स्वतःच्या तोंडाला हात लावत नाही. कपाळावरचा एक थेंब जरी जॉइंटमध्ये पडून आत बंद झाला, तरी तोच ओलावा पुढे कधीतरी जॉइंट फोडतो. म्हणून मेट सुती फडकं घेऊन शेजारी बसतो. रघु कधी घाम पुसत नसे, नुसता टिपत असे. पुसलं की थेंब ओघळतो, असं त्याचं म्हणणं. त्याने जॉइंटरची परीक्षा कधीच पास केली होती, पण बढती घेतली तर दुसऱ्या गँगमध्ये जावं लागलं असतं, म्हणून तो फडकं घेऊनच बसून राहिला. बाबुरावांना हे माहीत होतं आणि त्याचा त्यांना मनातून अभिमानही होता.

म्हणूनच घाव खोल बसला. बाबुरावांचा उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून थरथर कापायला लागला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते हात खिशात ठेवून हिंडत. लालबागला घरी त्यांची बायको कमल हल्ली चहाचा कप अर्धाच भरून देई आणि मग पुन्हा अर्धा देई. त्याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नसत. रघुने मात्र सरळ जाऊन इंजिनीयर मानसी मॅडमना सांगितलं. मॅडम भल्या होत्या. त्यांनी बाबुरावांना बोलावून एवढंच सांगितलं, की पुढचा मोठा जॉइंट मी उभी राहून बघेन, नाही जमला तर निवृत्तीपर्यंत स्टोअरमध्ये बसा. आता स्टोअर म्हणजे नटबोल्टांची राखण. बाबुरावांना ते जिवंतपणी फोटोला हार घातल्यासारखं वाटलं.

तो मोठा जॉइंट निघाला थेट आंब्यांच्या दिवसांत, घोडपदेवला, रघुच्याच चाळीसमोर. जुन्या जॉइंटमध्ये पाणी शिरून केबल गेली होती. सकाळीच खड्डा खणून झाला, वरून ताडपत्री बांधली, केबल बंद असल्याची खात्री झाली. चाळीतल्या सुंदराबाईंनी चहा आणून दिला, तो बाबुरावांनी घेतला नाही. कप पूर्ण भरलेला होता.

जोडल्यावर वरून चढवायच्या नळ्या त्यांनी आधीच केबलीवर सरकवून ठेवल्या, कारण त्या मागाहून घालता येत नाहीत. मग चाकू घेतला. केबलीचा वरचा काळा थर सोलायचा, पण खालच्या पांढऱ्या थराला ओरखडाही येता कामा नये. बाबुरावांनी पातं टेकवलं आणि हात थरथरायला लागला. त्यांनी चाकू उचलला, श्वास घेतला, पुन्हा टेकवला. हात ऐकेना. वरून मॅडम बघत होत्या. कपाळावर फडकं येऊन टेकलं आणि हळूच उचललं गेलं. रघुने नेहमीसारखा घाम टिपला.

बाबुरावांच्या मनात आलं, रेटून नेऊ. आजवर कोणाला ओरखडा दिसलाय? मातीखाली कोण बघतंय? मग त्यांची नजर समोरच्या चाळीकडे गेली. हा जॉइंट उद्या फुटला तर या माणसाच्या दारात फुटणार, आणि तोच माणूस आत्ता आपला घाम टिपतोय. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी चाकू उलटा धरून मुठीकडून पुढे केला.

"रघ्या, तू सोल. माझ्याच्यानं नाय होणार."

रघुने चाकू घेतला. मग म्हणाला, "आणि घाम?"

बाबुरावांनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

रघु जॉइंटरच्या जागी बसला. पातं एकदा गोल फिरलं, काळा थर सालीसारखा निघाला, खालचा पांढरा थर कोरा करकरीत होता. बाबुराव टिपत होते. कापऱ्या हाताने टिपणं सोपं नव्हतं, फडकं कधी भुवईवर बसे, कधी नाकावर. रघुने मान जराही हलवली नाही. तारा जोडून झाल्या, नळ्या जागेवर आल्या, बर्नरच्या धगीने आवळून घट्ट बसल्या. कडेने सगळीकडून सारखा नळ्यांमधला डिंक बाहेर आला, तेव्हा बाबुरावांनी मान डोलावली. आता पाण्याला आत वाट नव्हती.

मॅडम खाली वाकल्या आणि अवघडून म्हणाल्या, की मग स्टोअरचं बघायचं ना? बाबुराव हो म्हणणार तोच रघु उठून उभा राहिला.

"मॅडम, मी जॉइंटर व्हायला तयार आहे. पण मेट म्हणून मला बाबुरावच पाहिजेत. स्टोअरात घाम टिपायला कोण लागतंय?"

मॅडमना हसू आलं. वरच्यांना विचारून बघते, म्हणाल्या.

बाबुराव जॉइंटवर वाकून उगाचच कड तपासत राहिले. डोळ्यातून टपकन थेंब पडला, तसे ते दचकले आणि घाईघाईने फडकं पुढे नेलं. रघुने त्यांचं मनगट धरलं.

"पडू दे," तो म्हणाला. "जॉइंट बंद झालाय, बाबुराव. आता काय आत जात नाय."