सातवी नोंद

बारावीच्या निकालानंतर पंधरा दिवसांनी आमच्या चौकात माझ्या बहिणीचा फ्लेक्स लागला. ‘कु. प्रांजल हिची बी.एस्सी.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली पोपटतात्यांचा फोटो, प्रांजलच्या फोटोच्या साधारण चौपट. सविताकाकींचा, म्हणजे प्रत्यक्षात सरपंच असलेल्या त्यांच्या बायकोचा फोटो वरच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

त्यात एकच चूक होती. प्रांजलने बी.एस्सी.ला अर्जच केला नव्हता. पुण्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्राच्या बी.ए.च्या यादीत तिचं नाव लागलं होतं.

“एक्क्याऐंशी टक्के, ते बी सायन्सला! आन् आर्ट्स?” आमचे वडील, आप्पा, म्हणाले. “आर्ट्सला कोण जातं, ठावं हाय का? ज्याला कुठंच घेत न्हाईत ते. ताईकडं बघ तुझ्या.”

ताई म्हणजे मी. बी.एस्सी. केमिस्ट्री, रांजणगावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी. खरं तर मीही तिला सायन्सच घे म्हणाले होते. मग तिने मला तिची वही दाखवली. दोन वर्षांत ती सहा ग्रामसभांना गेली होती. प्रत्येक वेळी तारीख, हजर बायका किती, बोलल्या किती, आणि सरपंचाच्या खुर्चीत कोण बसलं. सहाही वेळा पोपटतात्या.

“सहा म्हणजे सँपल लहान आहे,” मी म्हणाले.

“म्हणून तर शिकायचंय,” ती म्हणाली. “असं का होतं, ते तुझ्या लॅबमधल्या कुठल्या मशीनवर कळतं?”

मी विचार केला. कळत नाही.

मी तिच्या बाजूने बोलल्यावर आप्पांनी पवित्रा बदलला. हॉस्टेलच्या अर्जाला ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला लागणार होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी बारापर्यंत होती. दाखला पोपटतात्यांच्या हातात, हे आप्पांना माहीत होतं. “आण दाखला, मग जा,” ते म्हणाले. “न्हाई मिळाला तर मुकाट्यानं बी.एस्सी.”

“ठरलं,” प्रांजल म्हणाली.

आम्ही दोघी लगेच ग्रामपंचायतीत गेलो. तात्या खुर्चीत होते. क्लार्क शाकीरने दाखला छापून पुढे ठेवला. तात्यांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं.

“तुझ्या बापाचा, सोपानचा फोन आला हुता. बी.ए. म्हनं?”

“व्हय, तात्या.”

“अगं, आख्ख्या गावात सांगितलंय मी. यवतपर्यंत गेलंय. फ्लेक्स काय फुकट छापत्यात? सायन्स घे, आत्ता सही देतो.”

“तात्या, दाखला मी कुठं राहते त्याचा हाय. काय शिकते त्याचा न्हाई.”

शाकीर खोकला. तात्या त्याच्याकडे बघून म्हणाले, “पानी पी.” मग प्रांजलला, “लई शिंगं फुटली तुला. जा, न्हाई मिळत.”

“सही सरपंचांची लागते ना?” असं म्हणून ती बाहेर पडली.

सविताकाकी मळ्यात गवार तोडत होत्या. प्रांजलने सगळं सांगितलं, फ्लेक्ससकट. काकींनी शेवटची मूठ ओच्यातून पाटीत टाकली, हात पदराला पुसले आणि ग्रामपंचायतीकडे चालू लागल्या. ऑफिसच्या दारात त्या थांबल्या. तात्या म्हणाले, “तू कशाला आलीस?”

“उठा जरा,” काकी म्हणाल्या. “बसून सही करायची हाय.”

तात्या उठले. बहुधा आश्चर्याने उठले असावेत. विचार करायला वेळ मिळाला असता तर उठले नसते.

काकींनी एकेक अक्षर सुटं काढत पूर्ण नाव लिहिलं. शाकीरने दाखल्याकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे, मग पुन्हा दाखल्याकडे.

“काकी,” तो हळूच म्हणाला, “सही जुळत न्हाई. रजिस्टरात सगळीकडं वेगळीच हाय.”

मी रजिस्टर बघितलं. अडीच वर्षं, पानोपानी, एकाच वळणाची तिरपी, झोकदार सही. खाली ‘सरपंच’.

“सविता, घरी चल,” तात्या म्हणाले.

“ही माझी सही हाय,” काकी शाकीरला म्हणाल्या. “निवडणुकीच्या फॉर्मवर हीच केली हुती, तालुक्याला जाऊन बघ. त्या कुणाच्या हायत, ते ज्यानं केल्या त्याला इचार. शिक्का मार.”

शाकीरने तात्यांकडे पाहिलं. तात्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. शाकीरने शिक्का मारला.

प्रांजलने दाखला फाईलमध्ये ठेवला. काकी अजून खुर्चीतच होत्या. हाताला गवारीचा हिरवा डाग होता.

“ते बी.ए. का काय, ते शिकून करनार काय गं तू?”

“खुर्चीत कोण बसतं, ते लिहिणार. आन् का बसतं, ते शोधणार.”

“मग आजचं बी लिही की,” काकी म्हणाल्या. “मी हाय बसलेली अजून.”

प्रांजलने वही काढली. आज ग्रामसभा नव्हती; ही नोंद आधीच्या सहांमध्ये धरता येणार नाही, हे मला दिसत होतं. मी तिला माझं पेन दिलं.