आमच्या घरात नाही

बेसिनमधला लाल धागा वळसे घेत जाळीत उतरला, तरी तिनं नळ चालूच ठेवला. दाराबाहेर सासूबाई तयार होऊन उभ्या होत्या.

"आवर गं. दवाखान्यात नंबर जाईल आपला."

"आले, आई."

तिनं पुन्हा दात घासले, हातांना साबण लावला, तोंडात पेपरमिंट टाकली. इतक्या वर्षांत हे सगळं अंगवळणी पडलं होतं. शिवण कारखान्याच्या मागच्या जिन्यात ती आणि आणखी तिघी जेवणाच्या सुट्टीत सिगारेट ओढायच्या. सुरुवातीला चौघींत एक, मग हळूहळू जिची तिची. "आपल्या छातीत कापूसच एवढा भरलाय, धुराला जागा कुठाय?" असं म्हणून सगळ्यांत उंच बाई हसायची आणि हसता हसता खोकायची. गेल्या वर्षी तिचं येणं बंद झालं. तिच्या पायरीवर अजून कुणी बसत नव्हतं.

घरात मात्र तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली.

"खोकल्यातून रक्त वगैरे?"

तिनं मान हलवली. नाही.

"बिडी, सिगारेट?"

"आमच्या घरात?" सासूबाईंनी उत्तर परस्पर देऊन टाकलं. "अहो, हिच्या सासऱ्यांनीसुद्धा कधी हात नाही लावला."

ती नखांकडे बघत राहिली.

"कापसाची धूळ असेल मग. गोळ्या देते. बरं नाही वाटलं तर महिन्याभरानं या."

बाहेर येताच तिचा जीव भांड्यात पडला. जिन्याशी पोचल्यावर सासूबाई थांबल्या.

"तू बस इथं. आले मी."

त्या परत आत गेल्या. दार अर्धंच लोटलेलं होतं. टेबलावर वाकून त्या काहीतरी सांगू पाहत होत्या, पण शब्द तोंडातून निघत नसावा. शेवटी त्यांनी दोन बोटं ओठांशी नेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"किती वर्षं?"

तिनं सासूबाईंकडे पाहिलं.

"मी हिला बघायला गेले, तेव्हापासून तरी," सासूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "केसांना वास होता. आणि रक्त पडतंय. नळ सोडला तरी बेसिनच्या कडेला राहतं, मी पुसते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मुलगी आवडली होती हो मला. म्हटलं, उगाच चारचौघांत कशाला…"

डॉक्टरीणबाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी फोन उचलला.

"एक्स-रेला बाकीच्यांना थांबवा. एक बाई पाठवतेय, त्यांचा आधी काढा." मग तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "गळ्यातलं काढून ठेवा."

तिचे हात मांडीवरून उठेनात. सासूबाई मागे येऊन साखळीचा आकडा सोडवू लागल्या. आकडा साधाच होता, पण त्यांच्या बोटांना तो सापडतच नव्हता.