निधीची रायफल

जयप्रकाश साने वाईट माणूस नाही, असं माझा नवरा म्हणतो. माझा नवरा गुरुप्रसाद सापालाही अहो-जाहो करेल, त्यामुळे त्याचं सोडा. मी लीना. बहरीनला अमवाजमध्ये सान्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहते, तिकडे सीफ भागात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. जयप्रकाशच्या बायकोला, उल्काला, गाडी चालवता येत नाही आणि त्याला स्वतःला शुक्रवारी सकाळीच क्लबच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचं असतं, म्हणून त्यांच्या निधीला शूटिंग क्लबवर मीच न्यायचे. तेव्हा सांगते ते ऐकीव नाही.

निधी सतरा वर्षांची. त्या वर्षी क्लबच्या मुलींची टीम मस्कतला जाणार होती. स्पर्धा जुन्या पद्धतीची, फक्त ओतीव शिशाच्या गोळ्यांची. चारांपैकी तीन जागा भरल्या होत्या, त्यातली एक निधीची मैत्रीण अकीलाची. उरलेली चौथी निधीला हवी होती. गाडीत बसली की तिचं तेच सुरू. "काकू, आय जस्ट वॉन्ट टू गो विथ देम." या मुलीने बापाशिवाय कधी इथला जिदहफ्सचा बाजारसुद्धा पाहिला नव्हता, त्यामुळे तिला मस्कत म्हणजे काय वाटत असेल ते मला कळत होतं.

आणि जयप्रकाशला काय हवं होतं? त्याला जगातली सर्वांत चांगली रायफल बनवायची होती. निधीसाठी, असं तो म्हणायचा.

हौसेला मोल नाही, आणि त्याची हौस खरी होती, ते नाकारत नाही. शिसं मऊ. जोरात मारलं तर नळीत घासतं, चिकटतं, आणि गोळी भरकटते. म्हणून नळी खास शिशासाठी मागवलेली. क्लबचा हत्यारं सांभाळणारा इलियास आणि तो, दोघे मिळून ती नळी आतून घासून घासून गुळगुळीत करत बसायचे. रायफल कागदोपत्री क्लबची, कुलपात क्लबच्या, पण तिला हात लावायची बिशाद नव्हती कुणाची. मागच्या शेडमध्ये पंखे लावून, तोंडाला मास्क बांधून जयप्रकाश गोळ्या ओतायचा. साच्यातून पडलेली एकेक गोळी उजेडात धरून बघायचा, काट्यावर तोलायचा. जरा सुरकुती दिसली की परत भांड्यात. उल्का तांदूळ निवडते तसा. एवढ्या मायेने त्याने पोरीकडे कधी बघितलं असेल तर मला माहीत नाही.

दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. गाल टेकायला एका बाजूला उंचवटा, अंगठा घालायला भोक, सगळं अंगाला बेतलेलं. तो कोरायच्या आधी इलियासने विचारलं होतं, माझ्यासमोर. "साब, बेटी लिखती किस हाथ से है?"

"राइट से," जयप्रकाश म्हणाला.

खोटं नव्हतं ते. निधी उजव्यानेच लिहिते. तिला लिहायलाच लावलंय तसं. पोर जन्माची डावखुरी. तीन वर्षांची असताना जेवायला बसली की बाप तिच्या डाव्या हातावर मोजा चढवून वर रबर लावायचा. हे मला उल्कानेच सांगितलं, आणि हसत सांगितलं. डाव्या हाताने प्रसाद घेतला तर लोक काय म्हणतील? वर पुरावा काय, तर इथले लोकसुद्धा डाव्या हाताने जेवत नाहीत, बघा. आपल्या देवघरापासून अरबांच्या मजलिसपर्यंत सगळी दुनिया जयप्रकाशच्या बाजूने. लिहिणं आणि जेवणं त्याने उजवीकडे आणलं. बाकी निधी दात डाव्याने घासते, फोन डाव्याने धरते, आणि गाडीची किल्ली फेकली तर झेलतेही डाव्यानेच.

रायफल झाली आणि निधीचे हाल सुरू झाले. लाकडात गाल बसेना, डोळा निशाणावर ठरेना, उजवं बोट घोड्यावर आखडून जाई. निशाणाच्या कार्डावर भोकं कशी, तर कुणी मूठभर उडीद फेकल्यासारखी. जयप्रकाश मागे उभा राहून हळू आवाजात म्हणायचा, "श्वास सोड. सोड म्हटलं ना." त्याचा आवाज कधी चढत नाही. मला त्याच्या त्या आवाजाचाच राग येतो. माणूस ओरडला तर निदान उलटं ओरडता येतं.

मुलींना शिकवायला उमैमा होती, बहरीनीच, चाळिशीची, फटकळ बाई. एका शुक्रवारी जयप्रकाश शेडमध्ये शिसं वितळवत होता तेव्हा तिने निधीला उभं केलं. दोन्ही हात पुढे धरून मध्ये छोटी खिडकी करायला लावली आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. मग एकेक डोळा मिटायला लावला. उजवा मिटला तरी घड्याळ जागच्या जागी. डावा मिटला की गायब.

"हबीबती, तुझा डोळा डावा आहे," उमैमा इंग्रजीत म्हणाली. "आणि हात?"

निधी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "सांग की."

उमैमाने क्लबची जुनी, डावखुऱ्यांची रायफल काढली. रंग उडालेला, दस्त्याला चिकटपट्टी. "यल्ला." निधी रायफलीमागे आडवी झाली, गाल टेकला, आणि मला वाटलं पोर झोपली की काय, इतकी सैल पडली होती. पाच गोळ्या झाल्या. कार्ड आणलं तेव्हा पाचही भोकं एकमेकांना चिकटलेली. अकीलाने किंकाळी मारली. निधी हसत होती, आणि तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला रडू आलं, लपवलं नाही मी.

उमैमा म्हणाली, "चौथी जागा हिचीच. पुढच्या महिन्यात निवड आहे, तिथे असं एकदा मारलं की खलास." पण अठराच्या आतल्या मुलांनी कुठली रायफल वापरायची हे पालक ठरवतो, असा क्लबचा नियम. ती शेडकडे गेली. मीही गेले, ते कार्ड घेऊन.

जयप्रकाशने हातमोजे काढले, कार्ड नीट बघितलं. "चांगलं आहे," म्हणाला. मग उमैमाला म्हणाला, "माय डॉटर इज राइट-हँडेड."

"नो, सर. शी इज नॉट."

"सवयीचा प्रश्न आहे. मी तिची सवय एकदा मोडली आहे. तिची रायफल ठरलेली आहे." आणि ते कार्ड त्याने शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चुरगळून नाही, फाडून नाही. औषधाची रिकामी पट्टी टाकावी तसं.

मी म्हटलं, "जयप्रकाश, पोरगी जिंकेल हो!"

"लीनाताई, जिंकण्यासाठीच चाललंय सगळं."

त्या रात्री त्याने निधीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर पांढरी चिकटपट्टी लावली. निवड होईपर्यंत काढायची नाही, उजवा डोळा तयार झाला पाहिजे. पोर शाळेत तशी गेली. मुलं काय काय बोलली असतील ते तिने सांगितलं नाही. घरात दाराला धडकली, चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला, पाय भाजला. उल्का म्हणाली, "अहो, निदान घरात तरी काढू दे." तो म्हणाला, "तूच ढिली आहेस, म्हणून हे असं झालंय." उल्काने फरशी पुसली. उल्का नेहमीच फरशी पुसते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभालाही धग लागत नव्हती. जळत होती ती पोर.

गाडीत मी तिला म्हटलं, "उजवीकडची रायफल हातातच घेऊ नकोस. सरळ नाही म्हण."

"देन ही वोन्ट लेट मी शूट ॲट ऑल, काकू." मग म्हणाली, "मेबी आय कॅन डू इट." पट्टी लावलेल्या चष्म्याआडून ती माझ्याकडे अख्खं तोंड वळवून बघत होती, कारण त्या बाजूचं तिला दिसतच नव्हतं.

निवडीच्या दिवशी ती खरंच जीव तोडून मारत होती. मी मागे बाकावर होते. पहिल्या काही गोळ्या बऱ्या गेल्या, मला वाटलं, जमवते की काय. मग उजवं बोट आखडायला लागलं. तिने हात झटकला, परत धरला. घाम पुसला. शेवटच्या कार्डावर तर एक गोळी लागलीच नाही. चौथी जागा दुसऱ्याच एका मुलीला मिळाली. उमैमाने यादी वाचली आणि कुणाकडे न बघता आत निघून गेली.

निधी उठली. चष्मा काढून हातात धरला. रडली नाही. जयप्रकाश तिच्याजवळ गेला, तेव्हा मला वाटलं, आता तरी डोक्यावरून हात फिरवेल.

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला. "आता म्हणशील रायफलच वाईट होती."

"आय डिडन्ट से दॅट, बाबा."

"म्हणशील. लोक म्हणतील."

त्याने इलियासला नवीन कार्ड लावायला सांगितलं. इलियास म्हणाला, "छोड़ो ना साब, आज नहीं." पण जयप्रकाश आडवा झालाच. मुली, त्यांचे आईबाप, सगळे तिथेच होते. त्याने सावकाश श्वास सोडत पाच गोळ्या मारल्या. कार्ड आलं तर पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक, निधीच्या त्या शुक्रवारच्या, डाव्याने मारलेल्या कार्डापेक्षाही लहान. ते त्याने आधी पालकांना दाखवलं, मग निधीच्या डोळ्यांपुढे धरलं.

"बघ. रायफलीत काही खोट नाही."

एवढी माणसं उभी होती, एकानेही टाळी वाजवली नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही, कारण तो खुश होता. खरोखर, लहान मुलासारखा खुश. निधीने कार्ड बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." मराठीत म्हणाली. मग माझ्या गाडीत न बसता त्याच्याच गाडीत मागे जाऊन बसली. त्यानंतर ती क्लबवर आली नाही.

ते कार्ड त्याने फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, सोफ्याच्या वर. परवा जेवायला बोलावलं होतं, गुरुप्रसादच्या आग्रहाने गेले. पुण्याहून कुणी पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "हे निधीनं मारलंय?"

"नाही, मी," जयप्रकाश म्हणाला. "रायफल तिची आहे. तिच्यासाठीच बनवली होती, वर्षभर खपून. पण काय आहे, मुलांना आयतं मिळालं की किंमत नसते. हिच्यात जिद्दच नाही."

निधी त्याच्या शेजारीच बसली होती. उजव्या हाताने भात कालवत होती. बाप बोलून संपल्यावर तिने पाहुण्यांना विचारलं, "तुम्हाला अजून वरण वाढू का?"