तापातलं पाणी

१९४६ साली परंड्याच्या दवाखान्यात मी रक्त तपासत असे. हाडं दुखतात म्हणून जमिलाबींनी थोरल्या लेकीला, चाँदबीला, आणलं होतं. तिच्या रक्ताचा थेंब मी दोन काचांमध्ये बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या, पण तोवर मायलेकी गावी परतल्या होत्या. अशा वाकड्या पेशींचे आणि हाडांत कळा येणारे नऊ रुग्ण मी नोंदले होते. औषध नव्हतं, भरपूर पाणी मिळालं की कळा लवकर ओसरत, एवढंच माझ्या टिपणांत दिसत होतं.

महिन्यानं जमिलाबी धाकटीला घेऊन आल्या. तिलाही ताप आणि तशाच कळा.

"चाँदबी कशी आहे?"

"गेली, बाई. तीन दिस ताप होता, पाणी पाणी करायची. तापात पाणी देऊ न्हाय म्हणत्यात, म्हणून म्या घागर नजरंआड ठिवली. हिलाबी सकाळपास्नं थेंब दिला न्हाय. बरं केलं न्हवं?"

मला हो म्हणायचं होतं. पण धाकटीचे ओठ सुकले होते. मी पेला भरून तिच्या तोंडाला लावला. तिनं तो घटाघटा संपवला.

जमिलाबी बघत राहिल्या.

"म्हंजी चाँदबीलाबी द्यायचं हुतं?"

"हो," मी म्हणाले.

धाकटीनं पुन्हा पाणी मागितलं, तेव्हा पेला जमिलाबींनीच भरला.